एक विद्यापीठ, दोन मापे

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे नाव मराठी वाचकाच्या मनात एका व्यक्तीशी कायमचे जोडलेले आहे. १९१३ च्या जुलै महिन्यात बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर तेथे दाखल झाले, १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. ही पदवी मिळविली आणि पुढील वर्षी ते लंडनला गेले. तत्त्वचिंतक जॉन ड्यूई आणि अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन या त्यांच्या दोन गुरूंचा उल्लेख आंबेडकरांच्या प्रत्येक चरित्रात येतो. त्यात बहुधा न येणारी गोष्ट अशी, की याच १९१५ साली अमेरिकेतील प्राध्यापकांची पहिली राष्ट्रव्यापी संघटना स्थापन झाली. ड्यूई हे तिचे पहिले अध्यक्ष होते आणि अध्यापकाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्या समितीने सिद्ध केला, तिचे अध्यक्षपद सेलिग्मन यांच्याकडे होते. संशोधनात, वर्गात आणि वर्गाबाहेर नागरिक म्हणून बोलताना अध्यापकावर मालकाचा अंकुश असू नये, हा त्या जाहीरनाम्याचा आशय. अमेरिकेत आजही या विषयावरील कोणत्याही वादात त्याचा आधार घेतला जातो.

सेलिग्मन ज्यू होते. न्यूयॉर्कचे प्रख्यात सावकार जोसेफ सेलिग्मन हे त्यांचे वडील. १८७७ मध्ये सॅराटोगा या विश्रामस्थळी एका बड्या हॉटेलाने ज्यू म्हणून जोसेफ यांना जागा नाकारली होती आणि त्या प्रकाराने सारी अमेरिका ढवळून निघाली होती. त्यांच्या मुलाच्या या विद्यार्थ्याला परत आल्यावर, १९१७ मध्ये, बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले. दोन्ही घटना एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. सावकाराला दुसरे हॉटेल मिळाले, आंबेडकरांना बडोद्यात छप्पर मिळाले नाही. परंतु गुरूच्या घरी ही कहाणी ठाऊक होती, एवढे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे ज्यूद्वेष ही पुस्तकातून कळलेली गोष्ट आहे. कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्या नावात जातिव्यवस्थेने त्यांना दिलेली पायरी दिसते, पण युरोपात शतकानुशतके साचलेला विखार त्यात नाही. म्हणूनच अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये २०२३ पासून ज्यूद्वेष, भाषणस्वातंत्र्य आणि शिस्त यांवरून जे वादळ उठले, ते आपल्या वृत्तपत्रांतून वाचताना आपण सहसा चालू राजकारणापलीकडे पाहत नाही. कोलंबियापुरते बोलायचे तर या वादाला शंभर वर्षांचा पूर्वेतिहास आहे आणि त्यात निकोलस मरे बटलर नावाचा एक माणूस ठळकपणे उभा आहे.

बटलर १९०२ पासून १९४५ पर्यंत कोलंबियाचे अध्यक्ष होते. एका प्रादेशिक विद्यालयाला जागतिक कीर्तीचे विद्यापीठ बनविण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते. १९३१ चे शांततेचे नोबेल पारितोषिकही त्यांना विभागून मिळाले. मुत्सद्दी, राजे, उद्योगपती यांच्यात वावरणारा हा गृहस्थ सभ्यतेला फार जपे. सभ्यतेचा हा आग्रहच पुढे त्यांच्या निवाड्याचे माप झाला.

पहिला प्रसंग १९१७ चा. एप्रिल महिन्यात अमेरिका युद्धात उतरली. जूनच्या पदवीदान समारंभात बटलर यांनी जाहीर केले, की काल जे सोसले गेले ते आजपासून सोसले जाणार नाही. जो काल मूर्खपणा होता तो आता राजद्रोह ठरेल. ऑक्टोबरमध्ये दोन अध्यापकांना काढून टाकण्यात आले. मानसशास्त्रज्ञ जेम्स मकीन कॅटेल यांचा अपराध एवढाच, की सक्तीने भरती केलेल्या तरुणांना त्यांच्या मर्जीविरुद्ध युरोपात लढायला धाडू नये असे पत्र त्यांनी संसद-सदस्यांना लिहिले होते. दुसरे हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो डेना हे तौलनिक साहित्याचे अध्यापक आणि ज्यांचे नाव त्यांना ठेवले होते त्या कवीचे नातू. ते युद्धविरोधी चळवळीत होते. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी याच्या निषेधार्थ राजीनामा दिला. बिअर्ड स्वतः युद्धाचे समर्थक होते. ज्यांच्यासाठी त्यांनी नोकरी सोडली त्यांची मते त्यांना मुळीच मान्य नव्हती. सेलिग्मन यांच्याविषयी मात्र इतके निःशंकपणे लिहिता येत नाही. कॅटेल प्रकरणात नेमलेल्या प्राध्यापक-समितीचे ते प्रमुख होते आणि ती समिती कॅटेल यांच्यामागे ठामपणे उभी राहिली नाही. कॅटेल तुसडे होते, सहकाऱ्यांना दुखवीत; पण जाहीरनाम्यात स्वभावाची अट नव्हती. बिअर्ड आणि त्यांचे काही सहकारी पुढे १९१९ मध्ये ‘न्यू स्कूल’ या नव्या संस्थेच्या उभारणीत सामील झाले. या संस्थेचे नाव पुन्हा येईल.

दुसरा प्रसंग प्रसंग म्हणावा असा नाही, कारण तो कोणत्याही एका दिवशी घडला नाही. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुले न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतून उत्तम गुण मिळवून कोलंबियाच्या दारात उभी राहू लागली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथील पदवी महाविद्यालयात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण शेकडा ४० च्या घरात गेल्याचे सांगतात. १९२० नंतरच्या दोनतीन वर्षांत ते सुमारे २२ वर आले. हे कसे घडले? ज्यूंना प्रवेश नाही असा ठराव कोणीही केला नाही. फक्त अर्जाचा नमुना बदलला. त्यात विद्यार्थ्याचा धर्म, वडिलांचे जन्मस्थान, आईचे माहेरचे आडनाव विचारले जाऊ लागले. छायाचित्र मागितले गेले, मुलाखत आली, मानसशास्त्रीय चाचणी आली, देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी यावेत असे उदात्त धोरण आले. गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ नावाची एक न मोजता येणारी गोष्ट आली. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यूंच्या संख्येवर मर्यादा घालावी असे उघडपणे सुचविले तेव्हा गदारोळ उठला. कोलंबियात तेच काम मुकाट्याने होऊन गेले होते. पुढे १९२८ मध्ये ब्रुकलिनमध्ये एक दुय्यम महाविद्यालय काढण्यात आले. नको असलेल्या हुशार मुलांची, विशेषतः ज्यू आणि इटालियन मुलांची, सोय तेथे लावली जाई. आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह हे पुढे जगप्रसिद्ध झालेले लेखक असेच तेथे पाठविले गेले. आईचे माहेरचे आडनाव विचारणारा अर्ज माणसाला काय काय विचारू शकतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता जर्मनीकडे वळले पाहिजे, कारण पुढची कथा तेथून येते. जर्मन विद्यापीठांचे पतन १९३३ पासून सुरू झाले असे आपण समजतो, ते पुरते खरे नाही. हायडेलबर्गमध्ये एमिल गुम्बेल नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. ज्यू आणि शांततावादी. जर्मनीतील राजकीय खुनांची आणि न्यायालयांनी त्यांना दिलेल्या वागणुकीची आकडेवारी त्यांनी प्रसिद्ध केली होती, म्हणून राष्ट्रवादी विद्यार्थ्यांचा त्यांच्यावर राग. युद्धकाळात उपाशी जर्मनांनी ज्या शलगमांवर दिवस काढले ते शलगमच युद्धाचे योग्य स्मारक होय, अशा अर्थाचे ते एकदा बोलले. हुतात्म्यांचा अपमान झाला अशी ओरड झाली आणि १९३२ मध्ये विद्यापीठाने त्यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेतला. हिटलर तेव्हा सत्तेवर आलेला नव्हता. त्याच आवारात गुम्बेल यांच्याविरुद्ध झालेल्या दंग्यांना अशी शिक्षा झाली नाही.

नंतरचे सर्व वेगाने घडले. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू आणि विरोधी मतांचे अध्यापक सेवेतून दूर केले गेले. त्याच महिन्यातील दुसऱ्या कायद्याने नव्या प्रवेशांतील ज्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वर आणले. १० मे रोजी जर्मन विद्यार्थी-संघटनेने ग्रंथांच्या होळ्या पेटविल्या. न्यू स्कूलचे संचालक अॅल्विन जॉन्सन यांनी बेघर झालेल्या विद्वानांसाठी त्याच वर्षी ‘निर्वासित विद्यापीठ’ उघडले.

आणि त्याच वर्षी, डिसेंबरच्या १२ तारखेला, हिटलरच्या सरकारचे राजदूत हान्स लूथर कोलंबियाच्या व्यासपीठावर उभे राहिले. विद्यार्थ्यांनी हे निमंत्रण रद्द करावे अशी मागणी केली होती. बटलर यांनी उत्तर दिले, की एका मित्रराष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून राजदूतांचा योग्य तो सन्मान होईल. निमंत्रिताची राजकीय मते कोणती हे विद्यापीठ पाहत नाही. बाहेर निदर्शने आणि पोलिसांचा बंदोबस्त, आत हिटलरच्या शांतताप्रेमाचे प्रतिपादन. बटलर यांचे उत्तर सुटे काढून वाचले तर मला ते बरोबर वाटते. विद्यापीठाने घृणास्पद मताच्या माणसालाही बोलू द्यावे, त्याचा प्रतिवाद करावा, हे तत्त्व मी आयुष्यभर मानीत आलो आहे. पण हेच तत्त्व १९१७ मध्ये कॅटेल यांच्यासाठी का नव्हते? आणि जेरोम क्लाइन या कलेतिहासाच्या तरुण अध्यापकाने निमंत्रणाच्या विरोधातील निवेदनावर सही केली, त्याची नेमणूक पुढे चालू राहिली नाही, तेव्हा ते कोठे गेले?

१९३६ च्या जून महिन्यात हायडेलबर्ग विद्यापीठाला साडेपाचशे वर्षे पूर्ण होत होती. त्या सोहळ्याचे निमंत्रण ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी नाकारले. कोलंबियाने स्वीकारले आणि जर्मन भाषेच्या एका प्राध्यापकांना प्रतिनिधी म्हणून पाठविले. ते ज्या हायडेलबर्गला गेले तेथील चौथ्या हिश्श्याहून अधिक अध्यापक घालविले गेले होते. तेथील व्याख्यानगृहाची इमारत काही वर्षांपूर्वी अमेरिकन देणगीदारांच्या पैशातून उभी राहिली होती. तिच्या दर्शनी भागावर साहित्यसमीक्षक फ्रिड्रिख गुंडोल्फ यांनी सुचविलेले वचन कोरलेले होते: ‘जिवंत चैतन्यास’. गुंडोल्फ ज्यू वंशाचे होते आणि १९३१ मध्ये वारले होते. नाझींनी त्यांच्या वचनातला एक शब्द बदलून ‘जर्मन चैतन्यास’ असे केले आणि वरची अथेना देवीची मूर्ती काढून तेथे गरुड बसविला. याच विद्यापीठाने १९२१ मध्ये योसेफ गोबेल्स यांना साहित्यातील डॉक्टरेट दिली होती. त्यांचे मार्गदर्शक माक्स फोन वाल्डबर्ग हेही ज्यू वंशाचेच. गुंडोल्फ यांचे मूळ वचन पुढे टॉमस मान यांच्या सूचनेवरून न्यूयॉर्कच्या निर्वासित विद्यापीठाने आपले बोधवाक्य म्हणून स्वीकारले. हायडेलबर्गच्या भिंतीवर ते युद्धानंतर परत आले.

प्रतिनिधी पाठविण्याच्या निषेधार्थ १९३६ च्या मे महिन्यात कोलंबियाच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथदहनाचे नाटक करून बटलर यांच्या निवासस्थानासमोर निदर्शने केली. त्यांचा नेता रॉबर्ट बर्क हा ओहायोतील कष्टकरी घरातला मुलगा. त्याला विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. आरोप हिंसेचा नव्हता. आरडाओरडा, अध्यक्षांविषयी अनादर, असभ्य वर्तन असा होता. विद्यार्थ्यांनी संप केला, सह्या गोळा केल्या, नागरी हक्कांच्या पुरस्कर्त्यांनी त्याची बाजू घेतली. बर्कला पुन्हा प्रवेश मिळाला नाही.

बटलर ज्यूद्वेष्टे होते असा निकाल येथे देऊन मोकळे होता येते. पण १९३४ मध्ये फ्रँकफर्टहून परागंदा झालेल्या, बहुसंख्य ज्यू विद्वानांच्या समाजसंशोधन संस्थेला कोलंबियात घर मिळाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. इंग्रजी विभागाने १९३६ मध्ये लायनेल ट्रिलिंग या तरुण समीक्षकाला काढण्याचे ठरविले होते. तो फ्रॉइडवादी, मार्क्सवादी आणि ज्यू असल्याने येथे रमणार नाही, असे कारण त्याला ऐकविले गेले. त्याच ट्रिलिंग यांना १९३९ मध्ये बटलर यांनी स्वतःच्या अधिकारात बढती दिली. मॅथ्यू आर्नल्डवर उत्तम ग्रंथ लिहिणारा ज्यू त्यांना चालत होता. राजदूत चालत होता, कारण तो दरबारी पोशाखात येऊन हळू आवाजात बोलत होता. ओरडणारा मुलगा चालत नव्हता. नियमाचे शब्द तेच होते. तो लागू करणारा हात मात्र माणसाचा आवाज ऐकून आणि कपडे पाहून हलत होता. सभ्यतेच्या मापाने मोजले की ज्याच्या हाती आधीच सर्व काही आहे तो सहज सभ्य ठरतो, आणि ज्याचे घर जळते आहे त्याचा आवाज चढलेला असतो.

हे लिहिताना मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका विद्यापीठाच्या शिस्तपालन समितीवर मी काही वर्षे होतो. एका सत्रात विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी पूर्वपरवानगीशिवाय सभा घेतल्या. एका गटाच्या बाबतीत आम्ही ‘तांत्रिक त्रुटी’ असे नोंदवून ताकीद दिली. दुसऱ्याच्या बाबतीत तोच नियम अक्षरशः वाचून तिघांना सत्रभरासाठी काढले. दोन्ही ठरावांवर माझी सही आहे. त्या वेळी मला त्यात विसंगती दिसली नव्हती, कारण दुसऱ्या गटाच्या घोषणा मला खरोखरच असह्य वाटल्या होत्या.

१९६८ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाम युद्ध आणि शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीवरील अतिक्रमण यांच्या विरोधात कोलंबियाच्या इमारती विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतल्या. पोलिसांनी सुमारे ७०० जणांना पकडले. त्यानंतर विद्यापीठाने एक शहाणपणाची गोष्ट केली. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांचा सहभाग असलेली अधिसभा १९६९ मध्ये स्थापन झाली आणि निदर्शनांच्या शिस्तीचा निवाडा अध्यक्षांच्या मर्जीतून काढून तिच्या नियमांकडे आला. पोलीस बोलावण्यापूर्वी तिच्या कार्यकारी समितीशी सल्लामसलत करणे अध्यक्षांवर बंधनकारक झाले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर हल्ला करून सुमारे १,२०० माणसे मारली आणि सुमारे २५० जणांना ओलीस नेले. त्यानंतर इस्राएलने गाझावर केलेल्या युद्धात मृतांची संख्या हजारोंनी वाढत गेली. अमेरिकेच्या आवारांमध्ये दोन्ही दुःखे समोरासमोर उभी राहिली. ५ डिसेंबर २०२३ रोजी हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एम. आय. टी. यांच्या अध्यक्षांना संसदीय समितीपुढे विचारण्यात आले, की ज्यूंच्या वंशसंहाराचे आवाहन तुमच्या नियमांचा भंग ठरते काय? ते संदर्भावर अवलंबून आहे, असे उत्तर आले. देशभर संताप उसळला. दोघींना लवकरच पद सोडावे लागले. कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर फारसे चुकीचे नव्हते. मोकळ्या मैदानातली घोषणा आणि एखाद्या ज्यू विद्यार्थिनीच्या खोलीच्या दारावर उभे राहून दिलेली धमकी यांत फरक केलाच पाहिजे. पण ते उत्तर कोण देत होते? त्याच हार्वर्डने २०१७ मध्ये खासगी गटात एकमेकांना पाठविलेल्या ओंगळ विनोदांवरून किमान दहा मुलांचे दिलेले प्रवेश रद्द केले होते. त्या विनोदांत ज्यूंच्या संहाराची थट्टाही होती. तेव्हा संदर्भ कोणी विचारला नव्हता. ज्यू विद्यार्थ्यांना जे बोचले ते स्वातंत्र्य नव्हे. इतरांसाठी कधीच न उघडलेली स्वातंत्र्याची पोथी नेमकी त्यांच्या वेळी उघडली गेली, हे बोचले.

कोलंबियात याची दुसरी बाजू दिसली. १० नोव्हेंबर २०२३ रोजी विद्यापीठाने पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्या दोन विद्यार्थी-संघटना निलंबित केल्या. त्यांपैकी एक ज्यूंचीच होती. कारण पूर्वपरवानगीचे, ज्या नियमाखाली हे झाले तो प्रशासनाने नुकताच बदलून घेतला होता. १७ एप्रिल २०२४ रोजी अध्यक्ष मिनूश शफीक संसदीय समितीपुढे साक्ष देत असता आवारात तंबू उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पोलीस आत आले आणि शंभरावर विद्यार्थी पकडले गेले. अधिसभेच्या कार्यकारी समितीने याला संमती दिलेली नव्हती. १९६९ ची तरतूद शब्दशः पाळली गेली. सल्ला विचारला, आणि बाजूला ठेवला. पकडलेल्यांत ज्यू विद्यार्थी होते. त्याच महिन्यात प्रवेशद्वाराशी इतर ज्यू विद्यार्थ्यांना ‘पोलंडला परत जा’ असे ओरडून सांगितले जात होते. विद्यापीठाच्याच समितीने ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात गळ्यातील खुणा लपवून चालणाऱ्या, सोबत्यांनी वाळीत टाकलेल्या विद्यार्थ्यांची निवेदने आहेत. ती वाचून कोणीही ज्यूद्वेष हा निव्वळ राजकीय कांगावा होता असे म्हणू नये. त्या तक्रारी महिनोन्‌महिने या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहिल्या, आणि तंबूंवर कारवाई मात्र साक्षीच्या दुसऱ्या दिवशी झाली. शफीक यांनी त्याच ऑगस्टमध्ये राजीनामा दिला.

२०२५ मध्ये माप विद्यापीठाच्याही हाती राहिले नाही. मार्चमध्ये केंद्र सरकारने ज्यूद्वेष रोखण्यात कसूर केल्याचे सांगून ४० कोटी डॉलरची अनुदाने रोखली. त्यांत वैद्यकीय संशोधनाची अनुदानेही होती आणि त्या प्रयोगशाळांत ज्यू संशोधकही होते. निदर्शनांच्या शिस्तीचा निवाडा अधिसभेकडून काढून प्रशासनाच्या कार्यालयाकडे देण्यात आला. १९६९ ची ती व्यवस्था छप्पन्न वर्षांनी संपली.

७ मे २०२५ रोजी निदर्शक मुख्य ग्रंथालयाच्या वाचनगृहात शिरले आणि सुमारे ८० जणांना अटक झाली. परीक्षेच्या तोंडावर वाचनगृह अडविणे हे भाषण नव्हे. तेथे शिक्षा व्हायला हवी होती, ती कोणत्याही घोषणेला व्हायला हवी होती. ७० हून अधिक विद्यार्थ्यांवर निलंबनापासून हकालपट्टीपर्यंतच्या शिक्षा २२ जुलै रोजी जाहीर झाल्या. २३ जुलै रोजी विद्यापीठाने सरकारला तीन वर्षांत २० कोटी डॉलर आणि त्याखेरीज आणखी २.१ कोटी डॉलर देण्याचा करार जाहीर केला. अनुदाने परत सुरू होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या ग्रंथालयाला १९४६ पासून निकोलस मरे बटलर यांचे नाव आहे.